गुलामीत जगलेले शोधप्रवासी आणि मुलांची चित्रपुस्तकं : गोष्ट कुठे थांबवायची?

चाफेकळी

नाशिकला मी लहान मुलांचा वाचनकट्टा चालवते. पाच ते दहा वर्षांची मुलं येतात. परदेशातून भेट म्हणून येणाऱ्या पुस्तकांत हल्ली एक प्रकार वरचेवर दिसतो : गुलाम म्हणून जगलेल्या, पण मोठे शोधप्रवास केलेल्या माणसांची चित्रचरित्रं. अमेरिकेतला यॉर्क, मोरोक्कोचा एस्तेबान, मॅगेलनच्या जहाजावरचा एन्रिके. आम्ही शाळेत जो इतिहास शिकलो त्यात ही नावं नव्हती. ती आता मुलांच्या हाती पडताहेत याचा मला मनापासून आनंद आहे. माझी तक्रार शेवटच्या दोन पानांबद्दल आहे.

यॉर्कचंच बघा. अमेरिकी सरकारनं पश्चिमेचा मुलूख पाहायला पाठवलेली लुइस आणि क्लार्क यांची मोहीम १८०४ मध्ये मिसूरी नदीतून प्रवाहाच्या उलट निघाली, रॉकी पर्वत ओलांडून १८०५ च्या नोव्हेंबरात प्रशांत महासागराला पोचली आणि १८०६ मध्ये परतली. यॉर्क क्लार्कच्या मालकीचा. क्लार्कचे वडील गेले तेव्हा मृत्युपत्रातून वाट्याला आलेला. मोहिमेत तो बंदूक बाळगायचा, शिकार करायचा. सार्जंट फ्लॉइड शेवटच्या दुखण्यात पडला तेव्हा त्याची शुश्रूषा मुख्यतः यॉर्कनं केली, हे खुद्द क्लार्कनं रोजनिशीत लिहून ठेवलंय. कोलंबिया नदीच्या मुखाशी हिवाळा कुठे काढायचा यावर एकेकाचं मत घेतलं गेलं, त्यात यॉर्कचं मत नोंदलेलं आहे, आणि साकागाविया या शोशोनी तरुणीचंही. एका चित्रपुस्तकाला याहून जास्त काय हवं?

आणि पुस्तक संपतं समुद्रापाशी. फार तर सेंट लुइसच्या स्वागतापाशी.

पुढचं असं आहे. मोहिमेतल्या शिपायांना दुप्पट पगार आणि प्रत्येकी ३२० एकर जमीन मिळाली. यॉर्कला काहीच नाही. त्याची बायको केंटकीत, लुइव्हिलच्या बाजूला, दुसऱ्या मालकाकडे होती. क्लार्क सेंट लुइसला राहायला गेला तेव्हा मला लुइव्हिलमध्येच कुणाकडे कामाला ठेवा, एवढंच यॉर्कचं मागणं होतं. क्लार्कची भावाला लिहिलेली पत्रं आहेत. त्यांत तो यॉर्कवर चिडलेला दिसतो, नीट वागला नाही तर न्यू ऑर्लिन्सला पाठवून विकायची भाषा करतो, मारल्याचंही लिहितो. ही पत्रं २००२ मध्ये पुस्तकरूपानं छापली गेली. म्हणजे त्यानंतर यॉर्कवर लिहिणाऱ्याला ती मिळत नाहीत असं नाही.

समुद्रापाशी थांबवलेली गोष्ट ही क्लार्कची गोष्ट होते, यॉर्कची होत नाही, असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं? आणि किती वयाला किती सांगावं?

सातपुडा

विषय आवडला, पण मी जरा दुसऱ्या बाजूनं बोलतो. माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तिला झोपताना वाचून दाखवायच्या पुस्तकात मालकानं मारलं, बायकोपासून तोडलं, हे मी कसं वाचू? प्रत्येक पुस्तकानं सगळंच सांगायला हवं का? आपण शिवाजी महाराजांची गोष्ट सांगतानाही लहानपणी तोरणा घेतला तिथे थांबतोच की. पुढचं मूल मोठं झाल्यावर वाचतं. आधी यॉर्क या माणसावर मुलाचा जीव तर जडू दे.

मीनल_पोर्टलंड

चाफेकळी, तू लिहिलंस ती हिवाळ्याची जागा म्हणजे फोर्ट क्लॅटसॉप, आमच्या इथे ऑरेगॉनमध्ये, अ‍ॅस्टोरियाजवळ. तिथे त्या छोट्या लाकडी गढीची प्रतिकृती उभी आहे. आत उभं राहिलं की खोल्या किती बारक्या होत्या ते कळतं. पावसाळी, दमट जागा. मुलांना घेऊन गेलेल्या प्रत्येकाला मी यॉर्कच्या मताची गोष्ट सांगते.

पण ती गोष्ट सांगताना एक धोका जाणवतो. 'बघा, त्या काळात एका गुलामाला मत देऊ दिलं!' असा सूर लागला की मुलांच्या मनात क्लार्क मोठा होतो. खरं तर त्या दिवशी यॉर्कला मत होतं आणि तीन वर्षांनी स्वतःच्या बायकोजवळ राहण्याचा अधिकारही नव्हता. हे दोन्ही एकाच पुस्तकात असेल तरच त्या मताचं मोल कळतं.

सातपुडा, तुमची काळजी मला पटते. पण इथे गोड करून सांगण्याचं काय होतं ते आम्ही पाहिलंय. जॉर्ज वॉशिंग्टनचा स्वयंपाकी हर्क्युलिस याच्यावरचं एक चित्रपुस्तक स्कॉलॅस्टिकनं जानेवारी २०१६ मध्ये, प्रकाशित झाल्यावर थोड्याच दिवसांत, बाजारातून मागे घेतलं. त्यात हर्क्युलिस आणि त्याची मुलगी हसतखेळत मालकाच्या वाढदिवसाचा केक करताना दाखवले होते. खरा हर्क्युलिस वॉशिंग्टनच्या पासष्टाव्या वाढदिवशीच, २२ फेब्रुवारी १७९७ ला, माउंट व्हर्ननहून पळून गेला. चित्रातला आनंद लोकांना खुपला तो यामुळे.

आणखी एक. ३२० एकर जमीन यॉर्कला मिळाली नाही हा अन्याय आहेच. पण ती जमीन वाटणाऱ्यांकडे आली कुठून? मूळ रहिवाशांकडून. पुस्तकात 'बक्षीस' म्हणून ती दाखवायची असेल तर एखादं वाक्य त्याबद्दलही हवं.

रेघोट्या

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, म्हणून चित्रांच्या बाजूनं बोलते.

छपाईच्या फर्म्यांमुळे चित्रपुस्तक बहुतेक वेळा ३२ पानांचं असतं. शीर्षकाची, श्रेयनामावलीची पानं वजा केली की चित्रकाराच्या हाती साधारण चौदा-पंधरा जोडपानं उरतात. त्यांतली किती प्रवासाला द्यायची आणि किती परतल्यानंतरच्या आयुष्याला, हा चरित्राचा मूळ निर्णय असतो. बहुतेक पुस्तकं बारा जोडपानं प्रवासाला देतात आणि उरलेलं आयुष्य शेवटच्या बारीक टाइपातल्या टिपणात, 'मोठ्यांसाठी' म्हणून, कोंबतात. मूल ते टिपण ऐकत नाही. दमलेले आईबाप वाचत नाहीत.

दुसरं, कोण कुठे उभं आहे ते पाहा. पुस्तक एस्तेबानचं, पण मुखपृष्ठावर तो स्पॅनिश सरदाराच्या मागे. पुस्तक यॉर्कचं, पण दुर्बीण कायम क्लार्कच्या हातात. मजकूर काहीही म्हणो, मूल चित्रावर विश्वास ठेवतं.

तिसरी अडचण खरी आहे. यॉर्कचं त्याच्या हयातीतलं एकही चित्र नाही. एस्तेबानचंही नाही. मग चेहरा कसा काढायचा? मला वाटतं, काढावा, पण पुस्तकातच मुलांना सरळ सांगावं : 'तो कसा दिसायचा हे कुणी काढून ठेवलं नाही. हा आम्ही मनानं काढलेला चेहरा आहे.' मुलांना हे नीट समजतं, आणि मग ती विचारतात की त्याच्या मालकाचं चित्र कसं काय आहे.

एस्तेबानबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण त्याच्यावर पुस्तक करायची माझी फार दिवसांची इच्छा आहे. तो मोरोक्कोच्या किनाऱ्यावरच्या अझेमूरचा. आंद्रेस दोरांतेस या स्पॅनिश माणसानं त्याला विकत घेतलं होतं. १५२७ मध्ये नार्वाएझ या स्पॅनिश सरदाराची मोहीम, या दोघांना घेऊन, स्पेनहून निघाली, १५२८ मध्ये फ्लोरिडात उतरली आणि तिची वाताहत झाली. रिकिबी, नाल वितळवून खिळे केले, घोडे मारून खाल्ले, घोड्यांच्या पायांच्या कातड्याच्या पाण्याच्या पिशव्या केल्या आणि होड्या बांधून माणसं समुद्रात लोटली गेली. शेवटी जमिनीवरून चालत १५३६ मध्ये न्यू स्पेनला (म्हणजे आजच्या मेक्सिकोला) पोचले ते चौघेच. त्यातला एक एस्तेबान. बाकीच्या तिघांपैकी काबेसा दे वाकानं जे लिहून ठेवलं त्यात म्हटलंय की वाटेतल्या लोकांशी नेहमी बोलायचा तो एस्तेबान, रस्ते आणि गावं विचारून घ्यायचा तो एस्तेबान. म्हणजे वाट त्यानं शोधली, पुस्तक दुसऱ्यानं लिहिलं. त्या पुस्तकात शेवटी चौघांची ओळख दिली आहे, तीन जण कुणाचे मुलगे, कुठल्या घराण्याचे अशी, आणि एस्तेबानला एक ओळ.

मग १५३९ मध्ये त्याला पुन्हा उत्तरेला पाठवलं, मार्कोस दे निझा या पाद्र्याबरोबर, ऐकीव गोष्टींतली श्रीमंत 'सात शहरं' शोधायला. ठरलं असं : एस्तेबाननं पुढे जायचं आणि खबर क्रुसानं कळवायची. साधी बातमी असेल तर वीतभर क्रूस, मोठी असेल तर दोन वीत, आणि न्यू स्पेनहून मोठा मुलूख सापडला तर त्याहूनही मोठा. चारच दिवसांनी निरोपे आले ते माणसाच्या उंचीचा क्रूस घेऊन. डोळ्यांसमोर आणा ते जोडपान!

पण त्याचा शेवट तिथल्या मूळ रहिवाशांच्या, झुनी लोकांच्या, हाविकू गावाशी झाला. त्यांनी त्याला मारलं. इथे बहुतेक सगळे चितारणारे झुनींना क्रूर चेहरे देतात, आणि मला ते मान्य नाही. पुढच्याच वर्षी कोरोनादो हा स्पॅनिश सरदार फौज घेऊन त्याच गावावर चालून आला. झुनींना वाटलेली भीती खोटी नव्हती. ज्याला स्वतःला विकलं गेलं तो माणूस दुसऱ्यांचा मुलूख घेणाऱ्यांच्या पुढे चालत होता, हे मुलांना सांगता येतं. आठ वर्षांचं मूल 'त्याला नाही म्हणता येत नव्हतं का?' असं विचारतंच. तो प्रश्न यावा म्हणून तर पुस्तक करायचं.

सातपुडा

रेघोट्या, 'नाही म्हणता येत नव्हतं का' हे वाचून थांबलो. तरी वयाचा मुद्दा मी सोडत नाही. सहा आणि दहा यांत फरक आहे.

मांडवीकाठ

गोव्याहून नमस्कार. एन्रिकेबद्दल भर घालतो, कारण त्याची गोष्ट आमच्या इतिहासाला लागून आहे. अल्बुकर्कनं १५१० मध्ये गोवा घेतलं आणि पुढच्याच वर्षी मलाक्का. मलाक्काच्या त्या स्वारीत मॅगेलन होता आणि एन्रिके त्याच्या हाती पडला तो तिथेच. पोर्तुगीज काळात गोव्यातही माणसांची खरेदी-विक्री उघड चालायची. तेव्हा आमच्या मुलांना ही दूरची गोष्ट म्हणून सांगणं बरोबर नाही.

मॅगेलननं १५१९ मध्ये मृत्युपत्र केलं. त्यात एन्रिकेचं वय अंदाजे २६ सांगितलंय, माझ्यामागे त्याला मोकळं करावं असं लिहिलंय आणि त्याच्यासाठी दहा हजार माराव्हेदी (तेव्हाची स्पॅनिश नाणी) ठेवलेत. मॅगेलन २७ एप्रिल १५२१ ला फिलिपिन्समधल्या माक्तानच्या लढाईत पडला. आणि काय झालं? मोहिमेचा नवा प्रमुख दुआर्ते बार्बोझा एन्रिकेला म्हणाला की तू गुलामच राहशील, परत गेल्यावर मालकिणीचा होशील. हे सोबतच्या पिगाफेत्तानंच लिहून ठेवलंय. मॅगेलन पडल्यावर चारच दिवसांनी शेजारच्या सेबू बेटावरच्या मेजवानीत बार्बोझासह कित्येक जण मारले गेले. पिगाफेत्ता त्याचा ठपका एन्रिकेवर ठेवतो. त्यानंतर एन्रिकेचा मागमूस नाही.

मी पाहिलेल्या मुलांच्या पुस्तकांत मृत्युपत्र असतं, बार्बोझा नसतो. त्याऐवजी 'पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस' असं ठणकावून लिहिलेलं असतं. तो मलाक्काचा असं मृत्युपत्र म्हणतं, सुमात्राचा असं पिगाफेत्ता. फिलिपिन्सपर्यंत पश्चिमेकडून पोचला आणि तिथल्या लोकांना त्याची भाषा कळली, इथवर भक्कम आधार आहे. पुढचा टप्पा त्यानं पुरा केला का, याला नाही. मुलांसमोर हा प्रश्न प्रश्न म्हणूनच ठेवावा. नकाशा द्यावा, दोरा द्यावा, आणि 'तुला काय वाटतं' विचारावं. माणसाला पहिला नंबर दिल्याशिवाय त्याचं चरित्र लिहिण्याजोगं होत नाही, ही समजूतच मला खटकते.

जुनी_पानं

चाफेकळी, तुम्ही नाशिकला बसून यॉर्क आणि एस्तेबानबद्दल लिहिताय, म्हणून मला राहवत नाही. तुमच्या शरणपूर रोडला ज्यावरून नाव पडलं त्या शरणपुरातच या विषयातलं एक मोठं प्रकरण आहे.

एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम घेऊन जाणारी गलबतं ब्रिटिश आरमार पकडायचं. सुटका झालेली बरीच मुलं मुंबईला उतरवली जायची. त्यातली काही चर्च मिशनरी सोसायटीच्या नाशिकजवळच्या शरणपूर वस्तीत यायची. तिथे लोहारकाम, सुतारकाम, लिहायला-वाचायला शिकायची. इंग्रजी कागदपत्रांत त्यांचा उल्लेख 'नासिक बॉइज' असा येतो. १८६६ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन या ब्रिटिश शोधप्रवाशानं आफ्रिकेतल्या शेवटच्या प्रवासाला निघताना यातले नऊ तरुण बरोबर नेले. पुढे १८७२ मध्ये, त्याला आफ्रिकेत शोधून काढणाऱ्या स्टॅन्ली या पत्रकारानं झांझिबारहून त्याच्याकडे माणसं पाठवली, त्यांत नाशिकला शिकलेली आणखी काही जण होती. जेकब वेनराइट त्यातलाच.

लिव्हिंगस्टनच्या याच शेवटच्या प्रवासातला चुमा मात्र वेगळ्या वाटेनं आला. पूर्व आफ्रिकेतल्या याओ जमातीचा मुलगा. १८६१ मध्ये गुलामांचा तांडा अडवून लिव्हिंगस्टनच्या माणसांनी जी माणसं सोडवली त्यांत तो होता. गळ्यात अडकवलेली दुबेळक्याची लाकडं कापून काढली, आणि त्याच लाकडांवर बायकांनी स्वयंपाक केला. १८६४ मध्ये लिव्हिंगस्टन एका लहानशा आगबोटीतून समुद्र ओलांडून मुंबईला आला तेव्हा चुमा आणि त्याचा सोबती सुसी तिच्यावर होते. चुमाला त्यानं डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशनच्या शाळेत ठेवलं (विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाचं तेच), आणि सुसी गोदीत कामाला लागला.

१ मे १८७३ च्या सुमारास, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारला. बरोबरच्या माणसांनी काळीज तिथेच झाडाखाली पुरलं. जेकबनं प्रार्थना वाचली आणि झाडावर अक्षरं कोरली. देह मिठात, उन्हात वाळवून, झाडाच्या सालीत गुंडाळून, ती माणसं किनाऱ्याकडे निघाली. दीड हजार किलोमीटरहून जास्त वाट. १८७४ च्या फेब्रुवारीत बागामोयोला पोचली. एप्रिलमध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत दफन झालं तेव्हा शवपेटी धरणाऱ्यांत जेकब होता. चुमा आणि सुसीला इंग्लंडला नेलं ते दफन होऊन गेल्यावर.

आणि रेघोट्या, तुमच्या चेहऱ्याच्या अडचणीवर : या तिघांचे फोटो आहेत. जेकबनं स्वतःच्या हातानं लिहिलेली रोजनिशीही आहे. यॉर्क आणि एस्तेबानला जे मिळालं नाही ते इथे आहे.

अजून एक नाव, सिदी मुबारक बॉम्बे. हाही याओ. लहानपणी पकडून झांझिबारला विकला, तिथून हिंदुस्थानात आणला. मालक वारल्यावर मोकळा झाला, आफ्रिकेला परतला, पण नावात मुंबई कायमची राहिली. १८५७ पासून तो गोऱ्या शोधप्रवाशांच्या एकामागून एक मोहिमांत होता : बर्टन-स्पीक, मग स्पीक-ग्रँट, मग स्टॅन्ली, मग कॅमेरॉन. स्पीकशी त्याचं बोलणं हिंदुस्थानीत चालायचं. कॅमेरॉनच्या तांड्याबरोबर त्यानं आफ्रिका पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत पार केली. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं १८७६ मध्ये त्याला रौप्यपदक दिलं. टांगानिका सरोवर 'कुणी शोधलं' याच्या उत्तरात मात्र तो येत नाही.

१८७३ च्या ऑक्टोबरात, किनाऱ्याच्या वाटेवरच्या ताबोराला (आजच्या टांझानियात), कॅमेरॉन आणि लिव्हिंगस्टनचा देह आणणारी माणसं भेटली. कॅमेरॉननं सुचवलं, इथेच पुरून टाका. त्यांनी नाही म्हटलं. कॅमेरॉनचा तांडा तेव्हा बॉम्बे चालवत होता. म्हणजे एके काळी गुलाम म्हणून विकली गेलेली आणि मुंबई पाहिलेली ही माणसं एकमेकांसमोर उभी होती. माझ्या मते पुस्तक इथून सुरू व्हावं.

पाणकणीस

शरणपूर रोडवर जन्म गेला, हे कुणीच सांगितलं नव्हतं. शाळेत तर नाहीच. धन्यवाद, जुनी_पानं.

मीनल_पोर्टलंड

माहिती थरारून टाकणारी आहे, पण एक शंका मांडते, राग मानू नका. चुमाची सुटका लिव्हिंगस्टन करतो, शाळेत लिव्हिंगस्टन घालतो, आणि चुमाचं सर्वांत मोठं काम म्हणजे लिव्हिंगस्टनचा देह वाहून नेणं. असं पुस्तक झालं तर आपण चाफेकळीच्या तक्रारीपाशीच परत आलो. मुखपृष्ठावर चुमा असेल, पण आत साहेबच. शिवाय शरणपुरातली मुलं तरी पूर्ण मोकळी होती का? नावं बदलली, धर्म बदलला, कुठे जायचं ते दुसऱ्यांनी ठरवलं. 'जेकब वेनराइट' हे नाव त्याच्या आईनं ठेवलेलं नाही. आणि त्या तांड्यातल्या बायका कुठे गेल्या? स्वयंपाक करणारी हलिमा होती, चुमाची बायको होती.

जुनी_पानं

राग कसला, नेमकं बोट ठेवलंत. माझं उत्तर दोन भागांत आहे.

साहेब वारल्यावर त्या माणसांना कुणाचा हुकूम नव्हता. पगार बुडवून पांगता आलं असतं. देह किनाऱ्याला न्यायचा हा निर्णय त्यांचा, ताबोराला एका गोऱ्या अधिकाऱ्याला नकार देणं हाही त्यांचा. त्या नऊ महिन्यांत पुढारी चुमा आणि सुसी होते. त्यामुळे लिव्हिंगस्टन पहिल्याच पानावर वारलेला असेल अशी गोष्ट सांगावी. तो बोलणारच नाही.

आणि चुमा तिथे संपत नाही. १८७९ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीची मोहीम किनाऱ्यावरून आत निघाली तिचा तांडाप्रमुख चुमा होता. गोरा प्रमुख कीथ जॉन्स्टन थोड्याच आठवड्यांत वारला आणि विशीतला जोसेफ थॉमसन एकटा उरला. त्या पोराला सरोवरांपर्यंत नेऊन सुखरूप परत आणलं ते चुमाच्या जोरावर. किती माणसं घ्यायची, कुठल्या मुखियाला काय नजराणा द्यायचा, कुठल्या वाटेला पाणी आहे, हे ज्ञान त्याचं. तो १८८२ मध्ये वारला.

शरणपुराबद्दल तुमचं म्हणणं मान्य. १८७५ च्या सुमारास तिथली बरीच माणसं मोंबासाजवळ फ्रीअर टाउन ही सुटका झालेल्या गुलामांची वस्ती वसवायला नेली गेली. तीही दुसऱ्यांच्या योजनेप्रमाणेच. पुस्तकात हे सगळं साध्या वाक्यात यावं : 'आता त्याला कुणी विकू शकत नव्हतं. पण कुठे राहायचं ते अजून त्याला कुणी विचारत नव्हतं.'

सातपुडा

हे शेवटचं वाक्य मी माझ्या मुलीला वाचून दाखवू शकतो. यात मारहाण नाही आणि खोटंही नाही. माझा आक्षेप एवढ्यापुरता मागे घेतो.

रेघोट्या

मी चित्रं काढायला तयार आहे. बायकांशिवाय एकही तांड्याचं चित्र काढणार नाही, मीनलताई. आणि शेवटची तीन जोडपानं परतल्यानंतरच्या आयुष्याला राखून ठेवायची, हे आत्ताच ठरवून टाकू या.

चाफेकळी

तर मग नाशिकच्या मुलांसाठी चुमा आणि जेकब. मजकुराचा पहिला खर्डा मी लिहिते, जुनी_पानं यांनी तारखा आणि गावं तपासावीत. संवाद मनानं रचायचे नाहीत, असं मला वाटतं. जेकबच्या रोजनिशीतलं किंवा कुणी नोंदवून ठेवलेलं तेवढंच अवतरणचिन्हात, बाकी सगळं निवेदनात. नकाशात चितांबोचं गाव ते बागामोयो ही वाट हवी आणि त्याच नकाशात मुंबई-नाशिकही हवं.

पाणकणीस, आणि शरणपूर परिसरात राहणारे इतर कुणी : जुन्या चर्चचे, शाळेचे, कार्यशाळेचे, दफनभूमीतल्या शिळांचे फोटो असतील, घरात कुणाकडे त्या वस्तीच्या ऐकीव हकिकती असतील, तर इथेच टाका. रेघोट्याला लोहारशाळेचं पान काढायचंय, तेव्हा भाता आणि ऐरण त्या काळी कशी असायची हे सांगणारं कुणी सापडलं तर आधी ते हवंय.